दोन पाय आणि एक रबरी पट्टी

चेंडू फेकणाऱ्याकडे पाहताना आपली नजर नेहमी त्याच्या हाताकडे जाते. पायांकडे कोण पाहतो? क्रिकेटमध्ये ‘नो-बॉल’ची आरोळी उठली म्हणजेच गोलंदाजाला पायही असतात, याची प्रेक्षकांना आठवण होते. मला मात्र खेळांच्या नियमांची पुस्तके चाळण्याचा जुना नाद आहे, आणि तेथे चित्र अगदी उलटे दिसते. कायदे करणाऱ्यांचा सारा डोळा पायांवर! याचा उत्तम नमुना म्हणजे सॉफ्टबॉल. आपल्या महाराष्ट्रातल्या शालेय स्पर्धांतही हा खेळ खेळला जातो. पण त्यातल्या पिचरने पाय कोठे ठेवावेत, या साध्या प्रश्नामागे केवढा इतिहास आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

या खेळाचा जन्म मोठा गमतीचा. १८८७ सालच्या नोव्हेंबरात, ‘थँक्सगिव्हिंग’च्या सणाच्या दिवशी, शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही तरुण मंडळी येल आणि हार्वर्ड यांच्या फुटबॉल सामन्याचा निकाल ऐकायला जमली होती. येल जिंकल्याची तार आली. त्या आनंदात एकाने मुष्टियुद्धाचा हातमोजा दुसऱ्याच्या अंगावर भिरकावला आणि दुसऱ्याने तो काठीने परतवला! जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थाने ती कल्पना उचलली, मोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला, खडूने जमिनीवर रेघा ओढल्या आणि बंद दालनात बेसबॉल सुरू झाला. तो पहिला सामना ४१-४० असा सुटला, असे सांगतात. पुढे हा खेळ उघड्या मैदानावर आला. १९२६ साली वॉल्टर हॅकन्सन यांनी त्याला ‘सॉफ्टबॉल’ हे नाव सुचवले, आणि १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात झालेल्या स्पर्धेने तो देशभर गाजला. नाव मऊ राहिले. चेंडू मात्र चांगला टणक झाला.

बेसबॉलचा पिचर उंचवट्यावर उभा राहून खांद्यावरून चेंडू टाकतो. सॉफ्टबॉलच्या पिचरला उंचवटा नाही आणि हातही कमरेखालूनच आणावा लागतो. क्रिकेटच्या गोलंदाजासारखी लांबून धावत येण्याची सोयही नाही. मग वेग आणायचा कोठून? हात पवनचक्कीसारखा गरकन फिरवून, आणि त्याहूनही अधिक म्हणजे पायाने जमीन मागे रेटून. त्या रेट्याचे ठिकाण म्हणजे जमिनीत सपाट बसवलेली, २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद अशी पांढरी रबरी पट्टी.

उजव्या हाताची पिचर या पट्टीवर कशी उभी राहते, ते नीट पाहावे. उजवा पाय पुढे. त्याचा चवडा पट्टीच्या पुढल्या कडेवरून किंचित बाहेर झुकलेला. डावा पाय मागे. त्याची बोटे पट्टीच्या मागल्या कडेला जेमतेम टेकलेली. आरंभी भार मागल्या पायावर असतो. मग अंग पुढे झुलते, भार उजव्या पायावर येतो, तो पाय पट्टीला जोराने रेटतो आणि डावा पाय लांब टांग टाकतो. टांग एकच, आणि तीही पट्टीच्या २४ इंचांच्या रुंदीतच पडली पाहिजे. तिरके पाऊल टाकून फलंदाजाला चकवण्याची मुभा नाही.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? कारण हा पिचरचा खेळ आहे. स्त्रियांच्या सामन्यांत पिचर आणि फलंदाज यांच्यात आज ४३ फुटांचे अंतर असते, पुरुषांच्या सामन्यांत ४६. एवढ्या जवळून येणारा वेगवान चेंडू ओळखायला फलंदाजाला डोळ्याचे पाते लवण्याइतकाच अवधी मिळतो. १९६१ साली बेसबॉलचा महान फलंदाज टेड विल्यम्स वॉटरबरी येथे जोन जॉइस या तरुणीसमोर उभा राहिला, आणि त्याची बॅट चेंडूला लागेना! १९६७ साली एडी फाइग्नर याने विली मेज, रॉबर्टो क्लेमेंटी यांच्यासारखे बेसबॉलचे सहा दिग्गज ओळीने बाद केले. अशा हाताला वेसण घालायची कशी? हाताचा वेग कमी करा, असे कोणी म्हणू शकत नाही. पायाला मात्र रेघ आखून देता येते.

पण रेघ सर्वांना सारखी नव्हती. अमेरिकेत दीर्घकाळ पुरुष पिचरला एकच पाय पट्टीवर ठेवून दुसरा मागे घेण्याची मोकळीक होती. स्त्रियांना मात्र आरंभी दोन्ही पाय पट्टीला टेकलेलेच हवेत, असा दंडक. मागचा पाय मोकळा असला म्हणजे अंगाला झोका अधिक मिळतो, हे झोपाळ्यावर बसलेल्या पोरालाही कळते. तीच गोष्ट उडीची. रेटा दिल्यावर मागला पाय जमिनीवरून घसटत आलाच पाहिजे, तो हवेत उचलला तर चेंडू बेकायदा, असे स्त्रियांना वर्षानुवर्षे बजावले गेले. पंचांनी त्या घसटणाऱ्या बुटाकडे टक लावून बसावे आणि मुलींनी आपल्या अंगच्या जोरालाच भ्यावे, असा प्रकार! अखेर २०२३ साली अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाच्या नियमकर्त्यांनी दोन्ही पाय हवेत जाण्यास परवानगी दिली. बंदी राहिली ती पुढे उडून, तेथे पाय पुन्हा रोवून, दुसऱ्यांदा रेटा घेण्यावर. मला हा निवाडा शहाणपणाचा वाटतो. दुसऱ्या रेट्याने अंतर चोरले जाते. उडीत केवळ ताकद दिसते.

आणि ताकद म्हणजे काय, ते २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिले. जपानच्या युकिको उएनो हिने दोन दिवसांत तीन सामने खेळून ४१३ चेंडू टाकले आणि अंतिम सामन्यात अमेरिकेला ३-१ असे हरवले. त्यानंतर सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधून वगळला गेला. तो परत आला टोकियोत, २०२१ साली. एकोणचाळीस वर्षांची उएनो पुन्हा पट्टीवर उभी होती आणि सुवर्णपदक पुन्हा जपानचेच झाले.

वर्तमानपत्रांनी तिच्या हाताचे गोडवे गायले, ते रास्तच. पण त्या दोन दिवसांत ४१३ वेळा पाय पट्टीवर टेकले, ४१३ वेळा अंगाचा भार मागून पुढे आला आणि ४१३ वेळा तेवढ्याच टीचभर जागेतून रेटा मिळाला. वाचकहो, आपल्या शाळेच्या मैदानावर एखादी मुलगी चेंडू हातात घेऊन उभी दिसली, तर क्षणभर तिच्या पायांकडे पाहा. चेंडू तेथूनच सुटतो.