रिलेचा शेवटचा टप्पा घरातच

अवयवदानासाठीची रिले दौड म्हटली की मला आमचं नरडाणा आठवतं, मुंबई-आग्रा रोडवरचं. शरीराबाहेर हृदय साधारण ४ तास टिकतं. इथून मुंबईला गाडीने त्याहून जास्त लागतात.

फेब्रुवारी १९६८. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. ‘ब्रेन डेड’ म्हणजे मृत्यूच, हे मानणारा कायदा झाला १९९४ मध्ये. तब्बल २६ वर्षं बॅटन तिथेच अडकलं!

आणि आज? खिशात डोनर कार्ड असलं तरी शेवटी घरच्यांनाच विचारतात. मी आईला सांगितलं, ती आधी चिडली, मग गप्प बसली. तुम्हीही सांगा. आज रात्री, जेवताना.