सायकल आणि लोकलज्जा

सायकल तीच. पण तिच्यावर कोण बसले आहे हे पाहून समाज तिला मान देतो किंवा नावे ठेवतो. इंग्लंडात १८८५ साली आजच्या धर्तीची सायकल निघाली, तेव्हा ती पैसेवाल्यांची हौस होती. स्त्रिया तिच्यावर बसू लागताच मर्यादेचा प्रश्न निघाला. १८९७ साली केंब्रिज येथे, स्त्रियांना पदवी देण्यास विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांनी सायकलस्वार स्त्रीचा पुतळाच टांगला!

आपल्याकडे पुणे हे सायकलींचे शहर म्हणून गाजले. तेथे प्राध्यापक, कारकून, विद्यार्थिनी सारीच सायकलवरून जात. पुढे स्कूटरी वाढल्या आणि तीच सायकल गरिबीची खूण ठरली. तामिळनाडूतील पुदुकोट्टाई जिल्ह्यात मात्र १९९१ च्या साक्षरता मोहिमेत हजारो ग्रामीण स्त्रिया अक्षरांबरोबर सायकलही शिकल्या. टोमणे त्यांनाही ऐकावे लागले. पण पाणी, बाजार, कामाची जागा जवळ आली.

आपल्या कोराडीत मुलगी सायकलवरून शाळेला निघाली की आपण कौतुक करतो. तिची आई त्याच सायकलवरून जगदंबेच्या दर्शनाला निघाली, तर विचारतो, "का हो, गाडी बिघडली का?" एवढा एक प्रश्न जरी आपण यंदा सोडला, तरी पुष्कळ झाले.