खिशातले पिस्तूल

शस्त्र बाळगणे ही एक गोष्ट आणि ते लपवून बाळगणे ही दुसरी. कमरेची तलवार सर्वांना दिसत असे. किंबहुना ती दिसावी म्हणूनच कमरेला लावलेली असे. तिच्याकडे पाहून समोरचा माणूस आपले बोलणे बेताने ठेवी. वस्त्राआड दडविलेल्या हत्याराचे तसे नाही. त्याचे सारे सामर्थ्य ते न दिसण्यात असते.

बंदुकीला हा गुण पुष्कळ उशिरा आला. तोड्याच्या बंदुकीसाठी पेटती वात जवळ बाळगावी लागे, आणि पेटती वात वस्त्राखाली घेऊन कोणाला हिंडता येत नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी युरोपात चाकाच्या घर्षणाने ठिणगी पाडणारी कळ प्रचारात आली आणि ही अडचण दूर झाली. भरलेले पिस्तूल आता तासन्‌तास झग्याखाली राहू शकत होते. त्यातला धोका राज्यकर्त्यांच्या तत्काळ ध्यानात आला. सम्राट मॅक्सिमिलियन याने १५१७च्या सुमारास अशा कळीच्या हत्यारांवर बंदी घातली. ही भीती अनाठायी नव्हती. १० जुलै १५८४ रोजी डच स्वातंत्र्ययुद्धाचा नेता ऑरेंजचा विल्यम डेल्फ्ट येथे आपल्या राहत्या घरात पिस्तुलाच्या गोळ्यांना बळी पडला. मारेकरी बाल्थाझार जेरार भेटीच्या निमित्ताने आत आला होता.

परंतु पिस्तूल रोजच्या पोशाखाचा भाग व्हावे, ही कल्पना खऱ्या अर्थाने रुजली ती एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत. फिलाडेल्फिया शहरात हेन्री डेरिंजर नावाचा एक कारागीर होता. १७८६ साली जन्मलेल्या या गृहस्थाचा मूळ धंदा लांब नळीच्या बंदुका घडविण्याचा. पण त्याचे नाव झाले ते तळहातात मावणाऱ्या पिस्तुलामुळे. नळी आखूड, तोंड मात्र रुंद. स्फोटक टोपीवर घोडा पडला की बार उडे. एका वेळी एकच गोळी झाडता येत असल्यामुळे ही पिस्तुले पुष्कळदा जोडीने विकली जात. १८४९ नंतर सोन्याच्या आशेने कॅलिफोर्नियाकडे लोटलेल्या लोकांत त्यांना एवढी मागणी आली की नकला करणारे निपजले आणि अस्सल नावाचा ठसाही नकली मालावर उमटू लागला. डेरिंजरने न्यायालयात दाद मागितली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६५ साली त्या नावावरचा त्याचा हक्क मान्य केला.

त्याच वर्षी त्या नावाला निराळीच प्रसिद्धी मिळाली. १४ एप्रिल १८६५च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात अध्यक्ष लिंकन नाटक पाहत बसले असता जॉन विल्क्स बूथ या नटाने मागून येऊन त्यांच्यावर गोळी झाडली. ते पिस्तूल डेरिंजरचे होते. लांबी जेमतेम सहा इंच. गोळी उडताच ते निकामी झाले. शेजारी बसलेल्या मेजर रॅथबोन यांनी मारेकऱ्याला धरू पाहिले, तेव्हा बूथला सुऱ्याचाच आधार घ्यावा लागला. पिस्तूल तेथेच पडून राहिले. लहान हत्याराची शक्ती आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी त्या एका प्रसंगात दिसतात. ते कोणाच्याही दृष्टीस न पडता अध्यक्षांच्या खुर्चीपर्यंत पोहोचले. पण दुसऱ्या क्षणी धन्याच्या उपयोगी पडले नाही.

पिस्तुलाचा आकार कमी करताना ही देवघेव टळत नाही. नळी आखूड झाली की गोळीचा वेग घटतो. नेम धरण्याच्या दोन खुणांमधील अंतर कमी झाले की हाताची किंचित चूक लक्ष्यापाशी मोठी होते. शिवाय वजन कमी झाले की हिसका वाढतो. मोठ्या गलबतावरून उडी मारली तर गलबत हलत नाही. लहान होडीतून मारली तर होडी मागे सरते. हलक्या पिस्तुलाचे नेमके असेच आहे. १८६६ ते १९३५ या काळात रेमिंग्टन कंपनीने एकावर एक अशा दोन नळ्यांचे खिशातले पिस्तूल सुमारे दीड लाखांच्या संख्येने विकले. त्याच्या गोळीचा वेग सेकंदाला अवघा १३० मीटरच्या आसपास होता. तरीही लोक ते घेत राहिले. मोठे, जड हत्यार अधिक खात्रीचे हे त्यांनाही ठाऊक होते. पण मोठे हत्यार घरच्या खुंटीवर राहते आणि लहान हत्यार खिशात, हा अनुभव त्याहून बलवत्तर ठरला.

या कोड्यातून वाट काढली ती जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने. बेल्जियममधील एर्स्टाल येथील कारखान्याने त्याच्या आराखड्यावरून १९००च्या सुमारास चपटे, स्वयंचलित पिस्तूल बाजारात आणले. मुठीतच सात काडतुसे राहत आणि एक गोळी उडताच दुसरी आपोआप नळीत येई. पुढे त्याच कारखान्याने जाकिटाच्या खिशासाठी सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांबीचे पिस्तूल काढले. त्याचे वजन चारशे ग्रॅमहूनही कमी होते.

ब्राउनिंगचे हे नाव महाराष्ट्रालाही अपरिचित राहिले नाही. १८७८च्या शस्त्रकायद्यामुळे परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा हिंदुस्थानात गुन्हा होता. १९०९ साली विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरतळात दडवून धाडली. वीस रायफली पेटीतून येणे शक्य नव्हते. त्याच वर्षी २१ डिसेंबरच्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. बदली होऊन निघालेले कलेक्टर जॅक्सन त्या प्रयोगास आले असता अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. आणि पिस्तुलांचा माग सावरकरांपर्यंत जाऊन पोहोचला. वॉशिंग्टन आणि नाशिक या दोन घटनांचे हेतू आणि काळ सर्वस्वी निराळे. पण लहान पिस्तुलाने समारंभाची गर्दी आणि पहारा यांचा अर्थच बदलून टाकला, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी.

विसाव्या शतकात साध्या वेषातील पोलिसांनीही लहान हत्यार पत्करले. कोल्ट कंपनीने १९२७ साली दोन इंची नळीचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर काढले आणि त्याला गुप्त पोलिसांचेच नाव दिले. स्मिथ आणि वेसन कंपनीने १९५०मध्ये सहावी गोळी सोडून पाच गोळ्यांवर समाधान मानले, कारण त्यामुळे मधले चक्र बारीक झाले. २०१८ साली सिग साउअर कंपनीने अर्ध्या किलोच्या आसपास वजनाच्या पिस्तुलात दहा गोळ्या बसविल्या, तेव्हा जुन्या देवघेवीची एक बाजू पुष्कळशी हलकी झाली. हिसका आणि नेम यांचे गणित मात्र बदलले नाही. म्हणूनच लहान पिस्तूल निवडणाऱ्या माणसाला मोठे पिस्तूल निवडणाऱ्याहून अधिक सराव करावा लागतो, आणि बहुधा तोच तो कमी करतो.

या सर्व काळात कायदा मात्र एका प्रश्नाभोवती फिरत राहिला. केंटकी राज्याने १८१३ साली खिशातले पिस्तूल, खंजीर आणि गुप्ती लपवून बाळगण्यास मनाई केली. प्रामाणिक माणूस शस्त्र उघड बाळगतो, अशी त्या काळची समजूत होती. १८२२ साली तेथील न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला, आणि १८५०च्या राज्यघटनेने विधिमंडळाला पुन्हा तोच अधिकार दिला. पुढे समजूत उलटली. भर रस्त्यात शस्त्र मिरविणे लोकांना भेडसावू लागले आणि झाकलेले शस्त्र सभ्यपणाचे वाटू लागले. २०२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर आत्मसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला. भारताने १९५९च्या शस्त्र अधिनियमात वेगळी वाट धरली. येथे पिस्तूल दिसो वा न दिसो, परवाना आधी लागतो.

कोणता मार्ग योग्य, याचे उत्तर प्रत्येक समाज आपल्या अनुभवावरून देतो. पण लहान पिस्तूल निवडणारा माणूस जे तोलतो, त्यात वजन, लांबी आणि गोळ्यांची संख्या एवढेच येते. रस्त्यात त्याच्या शेजारून जाणाऱ्या, त्याच्या खिशात काय आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाचा विश्वास त्या तराजूत पडत नाही. केंटकीच्या विधिमंडळाला १८१३ साली जी काळजी वाटली, ती याच विश्वासाची होती. आणि पिस्तूल कितीही लहान झाले तरी ती काळजी लहान झालेली नाही.