गुब्बिओ नगर व तेथील सात कांस्यपट

इटलीच्या मध्यभागीं अंब्रिया नांवाचा डोंगराळ प्रांत आहे. त्यांत इंजीनो पर्वताच्या उतारावर गुब्बिओ हें लहानसें नगर वसलेलें आहे. रोमन लोक ह्यास इगुवियम म्हणत. मध्ययुगांत त्याचें एउगुबियम झालें व पुढें गुब्बिओ. रोम किंवा फ्लॉरेन्स ह्यांच्यापुढें ह्याची प्रसिद्धि अल्प आहे. तथापि जुने लेख जमविणारांनीं व जपणारांनीं ह्या नगराचा वृत्तांत अवश्य ध्यानांत घ्यावा असा आहे. कारण, ज्याचा अर्थ कोणासही लागत नव्हता असा एक लेखसंग्रह ह्या नगरानें सुमारें चारशें वर्षें सांभाळला, आणि त्यामुळेंच एका लुप्त भाषेचें स्वरूप आज विद्वानांस कळूं शकलें.

नगराचा पूर्वेतिहास थोडक्यांत असा. प्रथम हें अंब्रियन लोकांचें नगर होतें. पुढें तें रोमच्या सत्तेखालीं आलें. पायथ्याच्या सपाटीवरील दगडी नाट्यगृह त्या काळाची साक्ष देतें. बाराव्या शतकांत उबाल्दो हा येथील धर्माध्यक्ष होता. तो इ. स. ११६० मध्यें वारला व नगराचा रक्षक संत मानला गेला. त्याचा देह पर्वतमाथ्यावरील मंदिरांत ठेविलेला आहे. पुढें नगराचा कारभार नागरिकांनीं निवडलेल्या अधिकाऱ्यांच्या हातीं होता. त्या वैभवकाळांत, म्हणजे १३३२ ते १३४९ च्या दरम्यान, ‘कॉन्सल’ संज्ञक अधिकाऱ्यांचा प्रासाद बांधला गेला. उतारावर प्रचंड कमानी रचून जो विस्तीर्ण चौक सपाट केला आहे, त्याच्या एका अंगास हा प्रासाद उभा आहे. १३८४ मध्यें नगर उर्बिनोच्या मोंतेफेल्त्रो घराण्याकडे गेलें, १६३१ मध्यें पोपच्या राज्यांत आलें, आणि १८६० मध्यें ती सत्ता संपून इटलीच्या एकीकरणांत सामील झालें.

ह्याच प्रासादांत आमच्या विषयाचे सात कांस्यपट ठेविलेले आहेत. त्यांपैकीं पांच दोन्ही बाजूंनीं व दोन एकाच बाजूनें कोरलेले असल्यामुळें लेखाच्या एकंदर बारा बाजू होतात. शब्द चार हजारांवर भरतात. कांहीं पट उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या अंब्रियन लिपींत आहेत, तर कांहीं रोमन लिपींत. भाषा मात्र सर्वत्र अंब्रियनच. कोरण्याचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीं तिसरें ते पहिलें शतक असा मानतात. इ. स. १४५६ मध्यें नगरसभेनें हे पट पाओलो दि ग्रेगोरिओ नांवाच्या गृहस्थाकडून विकत घेतले, व मोबदला म्हणून त्यास दोन वर्षें गुरें चारण्याचा हक्क दिला. म्हणजे अर्थ न कळणाऱ्या लेखासाठीं सभेनें सार्वजनिक उत्पन्नाचा एक भाग खर्ची घातला. ही गोष्ट सामान्य नव्हे.

पुढें कित्येक पिढ्या पंडितांनीं हे लेख एत्रुस्कन म्हणून किंवा अन्य कल्पना लढवून लावण्याचा यत्न केला. १८३३ मध्यें लेप्सियसनें ह्यांवर प्रबंध लिहिला. परंतु भाषेचें व्याकरण पद्धतशीर उभें केलें तें औफ्रेख्ट व किर्खहोफ ह्या दोघांनीं, १८४९ ते १८५१ च्या दरम्यान प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत. ह्यांतील थिओडोर औफ्रेख्ट हे नांव हस्तलिखितांच्या संग्राहकांस नवें नाहीं. ऋग्वेदसंहिता रोमन लिपींत छापणारा आणि संस्कृत पोथ्यांच्या याद्यांची ‘कॅटॅलोगस कॅटॅलोगोरम’ ही महासूची सिद्ध करणारा तो हाच पंडित.

पटांचा विषय नगरशुद्धीचा विधि होय. ‘अतिएदीय बंधु’ नांवाच्या पुरोहितमंडळानें प्रथम पक्ष्यांचे शकुन पाहावे. मग तीन वेशींपुढें अनुक्रमें ज्युपिटर, मार्स व वोफिओनस ह्या देवांस प्रत्येकीं तीन बैल अर्पण करावे. प्रार्थना मौनानें करावी. विधींत चूक घडल्यास पुनः पहिल्या वेशीपासून आरंभ करावा, असे त्यांत नियम आहेत. पहिल्या पटावरील विधि सहाव्या व सातव्या पटांवर विस्तारानें पुनः आला आहे. एकाच विधीचे संक्षिप्त व विस्तृत असे दोन पाठ हातीं असल्यामुळें अर्थनिर्णयास मोठेंच साहाय्य झालें.

संस्कृतज्ञांस ह्या भाषेंत ओळखीचे चेहरे दिसतात. ‘दुपुर्सुस’ व ‘पेतुर्पुर्सुस’ हे शब्द आपल्या ‘द्विपद’ व ‘चतुष्पद’ ह्यांचे सगोत्र होत. ‘वेइरो पेक्वो’ ह्या जोडींत ‘वीर’ आणि ‘पशु’ स्पष्ट आहेत, ‘नेर्फ’ मध्यें ‘नृ’, आणि ‘उतुर’ मध्यें ‘उदक’. माणसें व गुरें ह्यांच्या रक्षणाची याचना जोडीनेंच करण्याची रीति वेदांत आहे, तशी येथेंही आहे. मात्र ह्यावरून एक भाषा दुसरीपासून निघाली असें म्हणतां येत नाहीं. हें नातें भगिनींचें आहे, माता-कन्येचें नव्हे.

अशीच सावधगिरी दुसऱ्याही एका बाबतींत हवी. दरवर्षीं १५ मे रोजीं, संत उबाल्दोच्या पुण्यदिनाच्या पूर्वदिवशीं, नागरिक तीन उंच लांकडी स्तंभ खांद्यांवर घेऊन पर्वतमाथ्यापर्यंत धांवत जातात. ह्या उत्सवाचें मूळ कांहीं अभ्यासक कांस्यपटांतील विधींत शोधतात. परंतु तें अनुमान होय, लेखी प्रमाण नव्हे.

आतां ह्याच नगराची दुसरी एक वस्तु पाहावी. १४२२ मध्यें येथेंच जन्मलेल्या ड्यूक फेदेरिगोच्या प्रासादांत त्याची अभ्यासिका होती. तिच्या भिंतींवर नाना रंगांच्या लांकडी तुकड्यांची जडणघडण करून ग्रंथ, वाद्यें व उघडीं कपाटें हुबेहूब दाखविलीं होतीं. ती जडणघडण भिंतींवरून काढली गेली, विकली गेली, आणि १९३९ मध्यें न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें घेतली. तेथें तिची निगा उत्तम आहे ह्यांत शंका नाहीं. परंतु गुब्बिओच्या प्रासादांत आज तिची प्रतिकृति पाहावी लागते. कांस्यपटांची गोष्ट निराळी. ज्या नगराची शुद्धि त्यांत सांगितली आहे, तें नगर त्यांच्या दालनाबाहेरच पसरलेलें आहे.

लेख वाचतां येत नाहीं म्हणून तो निरुपयोगी, असें १४५६ च्या सभेनें म्हटलें असतें, तर हें कांसें वितळून त्याचीं भांडीं झालीं असतीं, आणि औफ्रेख्टपुढें वाचावयास कांहींच उरलें नसतें. अर्थ लावणारा पुढें केव्हां तरी जन्मास येतो. तोंपर्यंत लेख टिकविणें हें ज्याच्या हातीं तो असेल त्याचें काम आहे.