खारें तळें आणि गोडी धार

प्रवाळ पाळावयाच्या काचपेटींतून पाण्याची वाफ उडते, मीठ मागें राहतें. म्हणून तूट गोड्या पाण्यानेंच भरावी लागते. तरंगता गोळा खालीं जातांच पंप सुरू करणारें घरगुती यंत्र हेंच करतें. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या क्तेसिबिओसानें जलघटिकेंत अशाच गोळ्यानें पातळी राखली, असें मानतात.

आम्हां वऱ्हाडकरांस इतकें दूर जावयास नको. अनसिंगच्या पश्चिमेस लोणारचें खारें सरोवर आहे. त्यांतून पाण्यास बाहेर वाट नाहीं; काठच्या धारेचें गोडें पाणी मात्र आंत उतरतें. परंतु या यंत्रास गोळा नाहीं. २०२० च्या जूनमध्यें पाणी घटलें, क्षार वाढले, लवणप्रिय सूक्ष्मजीव माजले व सरोवर गुलाबी झालें. तेथें गोळ्याचें काम आम्हींच केलें पाहिजे. पातळीवर नजर ठेवून झरे जपले पाहिजेत.