दशावतारी गंजिफा : प्रतिस्पर्ध्याच्या पानांचा अंदाज

पोकर व दशावतारी गंजिफा या दोन्ही खेळांत प्रतिस्पर्ध्याची पाने ओळखावी लागतात; ओळखण्याची रीत मात्र भिन्न आहे. पोकरमध्ये पाने अखेरपर्यंत झाकलेली राहू शकतात. म्हणून तेथे बोलीवरून व चेहऱ्यावरून तर्क केला जातो आणि हूल देणे हे कौशल्यच मानले जाते. सावंतवाडीच्या (१९८१ पूर्वी हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता) गंजिफात दहा रंगांची १२० गोल पाने तिघांत प्रत्येकी ४० वाटली जातात. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे, तो गडी उतारी करतो, रात्री कृष्णाचा. पाच रंगांत प्रधानाखालोखाल दहाचे पान श्रेष्ठ, उरलेल्या पाचांत एकाचे. पडलेले प्रत्येक पान लक्षात ठेवणाऱ्यालाच उरलेल्यांचा हिशेब लागतो. मुद्रा वाचून फारसे साधत नाही.

शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांच्या आश्रयाने ही पाने रंगवण्याची कला टिकली. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही लाभले. हे मानांकन वस्तूचे आहे, खेळाचे नव्हे. खेळ जाणणाऱ्या वृद्धांकडून उतारीचे व हिशेबाचे संकेत नोंदवून घेण्याचे काम त्यामुळे अधिक निकडीचे आहे.