परिचारिकेची कैफियत

सोलापुरातील रुग्णालयात परिचारिकेच्या जागेसाठी मुलाखत देणाऱ्या उमेदवाराला, सलाइन, इंजेक्शन, रक्तदाब या विषयांतील तिची चाचपणी आटोपली की, सहकाऱ्याशी अथवा डॉक्टरांशी मतभेद झाल्यास आपण काय कराल, अशी पृच्छा केली जाते. आणि ‘माझे कुणाशीच भांडण होत नाही’ एवढे सांगून पुष्कळ जणी मोकळ्या होतात. हे उत्तर सोयीचे खरे. परंतु ज्या व्यवसायाला आपले स्थान पावलोपावली विरोध सोसून मिळवावे लागले, त्याच्या इतिहासाचा मात्र त्यात विसर पडतो.

1854 च्या नोव्हेंबरात, क्रिमियाच्या युद्धकाळी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल 38 परिचारिकांसह स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात दाखल झाल्या, तेव्हा तेथील डॉक्टरांना त्यांचे येणे मुळीच रुचले नव्हते. डॉक्टरांनी मागणी केल्यावाचून कोणीही रुग्णाला हात लावू नये, असा सक्त हुकूम नाइटिंगेल यांनी आपल्याच परिचारिकांना दिला, आणि थोड्याच दिवसांत जखमी शिपायांची अशी रीघ लागली की विरोध करणाऱ्यांनाच त्यांना पाचारण करावे लागले. पुढे 1860 मध्ये लंडनला त्यांच्या नावाची शिक्षणशाळा निघाली. त्या परंपरेतून मेट्रनची करडी शिस्त सर्वत्र रूढ झाली खरी, पण आज्ञापालनाच्या त्या पायावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत शंका विचारणे हेही उद्धटपणाचे लक्षण ठरू लागले.

महाराष्ट्रात तर हा कलह इस्पितळाच्या आधी घरातच सुरू झाला. 1909 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना, आणि त्यांतही विधवांना, ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण घेण्यास पाठविले, तेव्हा परपुरुषाच्या अंगाला स्पर्श करणे, मलमूत्र काढणे, रात्री घराबाहेर राहणे ही कामे कुलीन स्त्रीला शोभत नाहीत, असे म्हणणाऱ्यांची वाण नव्हती. शब्दाला शब्द वाढवीत न बसता शिक्षणाची व निवासाची व्यवस्था लावून रमाबाईंनी त्यांना उत्तर दिले. त्याच सेवासदनाची शाखा पुढे सोलापुरातही निघाली.

1935 च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने परिचारिका व सुईणी यांची नोंदणी मुकरर झाली आणि 1947 मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. या कायद्यांचे मर्म असे की, जिचे नाव नोंदपटावर चढले, ती आपल्या कृत्याला स्वतः जबाबदार झाली; वरिष्ठाचा हुकूम होता, एवढ्या सबबीवर तिची सुटका होईना.

सोलापूरला तंटा नवा नव्हता. गिरणी कामगारांच्या या शहराने संप पाहिले होते, आणि 1938 च्या औद्योगिक कलह कायद्यापासून समेटाची कायदेशीर वाटही त्याला ठाऊक झाली होती. गिरणीचा भोंगा थांबवता येतो, परंतु वॉर्ड थांबवता येत नाही. म्हणून वॉर्डातील वाद काम चालू असतानाच मिटवावा लागतो. याच शहरात 1963 मध्ये डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. निवासी डॉक्टर, विद्यार्थी, परिसेविका, अधिसेविका, वॉर्डबॉय, मावशी आणि मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे नातेवाईक अशा सर्वांची गाठ जेथे एकाच खाटेपाशी पडते, तेथे गैरसमजाला निमित्त लागत नाही.

आता मुलाखतीतील त्या प्रश्नाच्या उत्तराकडे वळू. रात्रपाळीत डॉक्टरांनी तोंडी सांगितलेली औषधाची मात्रा केसपेपरवरील मात्रेशी जुळत नाही, असा प्रसंग घ्यावा. उमेदवाराने सांगावे ते असे: “औषध देण्यापूर्वी मी थांबेन, डॉक्टरांना बाजूला घेऊन मात्रा पुन्हा वाचून दाखवीन आणि हुकूम केसपेपरवर लिहून मागेन, तरीही शंका फिटली नाही, तर इनचार्ज सिस्टरना ताबडतोब कळवीन, आणि घडले ते वेळेसह नोंदवून पुढच्या पाळीला ओव्हर देताना सांगेन.” या उत्तरात डॉक्टरांचा अवमान होत नाही, रुग्णाचा जीव टांगणीला लागत नाही, आणि स्वतःची जबाबदारीही दुसऱ्याच्या गळ्यात पडत नाही. सहकारी रोज उशिरा रुजू होत असेल, तर आधी तिच्याशीच एकांतात बोलावे व मगच वरिष्ठांकडे जावे, हेही याच न्यायाने.

मात्र हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याच संस्थेला पोहोचतो, जिने स्वतःचे उत्तर तयार ठेवले आहे. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने, 10 वा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत तक्रार समिती सक्तीची केली आहे. परंतु छळ या सदरात न मोडणाऱ्या असंख्य तक्रारींसाठी काय शिरस्ता आहे, त्यांचा निकाल कोण व किती मुदतीत लावतो, आणि तक्रार केली म्हणून कुणाची बदली होणार नाही याची हमी कोण देतो, हे उमेदवारानेही मुलाखतीत अदबीने विचारावे, आणि संस्थेने विचारणाऱ्या परिचारिकेला उद्धट न समजता तिला अवश्य कामावर घ्यावे.